सेसना १७२ साठी नवी बॅटरी: आधी मिनिटे मोजा, मग किंमत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲरिझोना राज्यात फिनिक्सजवळ तिघा मित्रांच्या मालकीचे १९७६ चे सेसना १७२ एम विमान आहे. त्यातली १२ व्होल्टची, पाणी भरावी लागणारी बॅटरी पाच वर्षांची झाली असून सकाळी इंजिन जेमतेम फिरवते. उन्हाळ्यात उकाडा टाळण्यासाठी हे मित्र बरेचदा रात्री उड्डाण करतात. नवी बॅटरी जुन्याच प्रकारची घ्यावी, सील्ड (बंद, पाणी न घालावी लागणारी) घ्यावी की वजन वाचवणारी लिथियम घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे. बाहेरून तशीच दिसणारी मोटारीची बॅटरी एक तृतीयांश किमतीत मिळते, ती का चालू नये, हाही प्रश्न आहे. त्यांच्यापैकी एकाचा भाचा नागपूरकडे प्रशिक्षणाच्या विमानांच्या देखभालीत आहे, त्यामुळे तिकडे यातले काय लागू पडते, तेही त्यांना हवे आहे. लहान विमानांची देखभाल मी आधी भारतात आणि नंतर अमेरिकेत केली असल्याने दोन्हीकडचे सांगतो.

तुमच्या विमानासाठी, तुमच्या हवामानात आणि रात्रीचे उड्डाण लक्षात घेता, विमानासाठी मान्यता असलेली सील्ड लेड-ॲसिड बॅटरी घ्यावी, आणि बॅटरीच्या पेटीत कायदेशीरपणे बसेल तेवढी मोठ्या क्षमतेची घ्यावी, असे माझे मत आहे. त्याआधी मात्र दोष खरोखर बॅटरीचाच आहे का, हे तपासून घ्या. नवी बॅटरी बसवूनही इंजिन पूर्वीसारखेच रडतखडत फिरते आणि मग दोष केबलमध्ये सापडतो, असे जुन्या १७२ विमानांत वारंवार घडते.

ही तपासणी अशी करावी. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास, शक्य असल्यास रात्रभर, तशीच राहू द्यावी आणि मग व्होल्टेज मोजावे. पाणी भरावी लागणारी चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. सील्ड बॅटरीत आम्ल अधिक तीव्र असल्याने ती १२.९ ते १३ च्या आसपास असते. तुमच्या बॅटरीला झाकणे असल्याने हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजता येते. पूर्ण चार्ज झाल्यावर ते १.२७५ ते १.३०० दरम्यान यायला हवे, आणि पाच घट एकसारखे असून सहावा बराच खाली असेल, तर त्या बॅटरीत आणखी वेळ घालवू नये. सगळे घट ठीक निघाले, तर स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या धन टोकापासून स्टार्टरच्या टोकापर्यंत, आणि इंजिनच्या धातूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, किती व्होल्ट गळतात ते मोजावे. एखाद्या बाजूला एक व्होल्टच्या वर गळती असेल, तर केबलची टोके, मास्टर सोलेनॉइड (बॅटरीची वीज विमानाला जोडणारा स्विच), स्टार्टरचा सोलेनॉइड किंवा इंजिनची अर्थिंगची पट्टी यांपैकी काहीतरी खराब आहे. मिक्श्चर, म्हणजे इंजिनाचे इंधन, बंद असले, तरी या चाचणीत प्रोपेलर फिरतो आणि १७२ ची बॅटरी त्याच्या लगेच मागे, फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीवर) असते. म्हणून ही चाचणी एकट्याने किंवा हातात प्रोब धरून करू नका. मेकॅनिकने लांब वायरी आधी पक्क्या जोडून, चाकांना अडसर लावून आणि कॉकपिटमध्ये जाणता माणूस बसवूनच ती करावी.

अल्टरनेटरचे (इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राचे) नियंत्रण आणि विजेचा लपलेला खर्च या आणखी दोन गोष्टीही पाहून घ्या. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वर चालू असताना 'बस'वरचे, म्हणजे उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवरचे, व्होल्टेज १४ च्या जवळपास असावे. ते १३.५ च्या खाली राहत असेल, तर कोणतीही नवी बॅटरी कायम अर्धपोटीच राहील, आणि १४.५ च्या वर जात असेल, तर फिनिक्सच्या उन्हात ती उकळेल. लपलेल्या खर्चाचे उदाहरण म्हणजे पंखाखालचे आणि दाराजवळचे दिवे. अनेक जुन्या सेसनांत ते मास्टर स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेले असतात, त्यामुळे मास्टर बंद केल्यावरही ते चालू राहतात. दिवसा उजेडात हा दिवा कोणाच्या लक्षात येत नाही आणि पुढच्या आठवड्यात दोष बॅटरीच्या माथी जातो.

आता निवडीच्या मुद्द्यावर येतो, कारण इथेच बहुतेक मालक चुकीच्या टोकाकडून विचार सुरू करतात. 'ही बॅटरी इंजिन किती जोरात फिरवील' हा प्रश्न त्यांच्या मनात पहिला असतो. तुमच्या विमानातील लायकमिंग ओ-३२० इंजिनाची प्रज्वलन व्यवस्था मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनानेच फिरून स्वतः ठिणगी देणाऱ्या यंत्रावर, चालते. एकदा सुरू झालेल्या इंजिनाला बॅटरीची गरज नाही, आणि अल्टरनेटर बंद पडला तरी ते चालतच राहते. मॅग्नेटोची ही देणगी फार मोठी आहे, पण तिच्यामुळेच बॅटरी म्हणजे इंजिन सुरू करण्याचे साधन, असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात हवेत अल्टरनेटर गेल्यावर रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारे यंत्र), जीपीएस, पंखांच्या टोकांचे दिवे, पॅनेलवरचा उजेड आणि विजेवर चालणारे फ्लॅप (उतरताना वापरायच्या पंखांच्या झडपा) हे सगळे एकट्या बॅटरीवर येते. रात्रीच्या काळोखात त्या बॅटरीत किती मिनिटे शिल्लक आहेत, यावर तुमची निवड ठरायला हवी.

विमानात शिल्लक इंधन किती असावे याचा नियम अमेरिकेत स्पष्ट आहे. दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर पाहून, दिवसा उडताना ३० मिनिटांचे आणि रात्री ४५ मिनिटांचे इंधन राखून ठेवावे लागते. विजेच्या बाबतीत १९९६ मध्ये लहान विमानांच्या प्रमाणन नियमांत अशी तरतूद आली की, मुख्य वीजपुरवठा गेल्यावर सुरक्षित उड्डाण आणि उतरणे यांसाठी आवश्यक असलेली उपकरणे बॅटरीने किमान ३० मिनिटे चालवली पाहिजेत. तुमचे विमान त्याच्या वीस वर्षे आधीचे असल्याने त्याला ही अट लागू होत नाही. म्हणून ती अट तुम्ही स्वतःच स्वतःवर लादून घ्यावी, आणि ३० ऐवजी किमान ६० मिनिटे धरावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पश्चिम ॲरिझोनात दिवे असलेल्या दोन धावपट्ट्यांमधील अंतर पाहिले, तर ही मागणी जास्त वाटणार नाही.

हिशेब कागदावर करून पाहा. रात्री आवश्यक भार असा धरू: तीन पोझिशन दिवे (पंखांच्या टोकांचे आणि शेपटीचा) साध्या तारेच्या बल्बचे असतील, तर मिळून पाच-साडेपाच ॲम्पिअर, ऐकण्यावर ठेवलेला रेडिओ एक, ट्रान्सपाँडर दीड ते दोन, जीपीएस आणि पॅनेलचे दिवे मिळून तीन-चार. बेरीज साधारण १२ ॲम्पिअर होते. बोलण्यासाठी बटण दाबले की जुना रेडिओ तेवढ्यापुरते आणखी पाच-सहा ॲम्पिअर ओढतो. आता अल्टरनेटर गेल्याचे तुमच्या लक्षात कधी येईल, याचा प्रामाणिक अंदाज घ्या. त्या काळच्या १७२ मधील अमीटरची सुई डावीकडे झुकते, तेवढीच खूण असते. ती दिसायला दहा मिनिटे लागली आणि तोवर सगळे दिवे व उपकरणे मिळून ३० ॲम्पिअर जात असतील, तर ५ ॲम्पिअर-तास तिथेच संपले.

समजा, नवी असताना २३ ॲम्पिअर-तास देणारी तुमची बॅटरी आज ६० टक्क्यांवर आली आहे. म्हणजे तिच्यात १३.८ ॲम्पिअर-तास आहेत. पहिल्या दहा मिनिटांचे ५ वजा केले की ८.८ उरतात आणि १२ ॲम्पिअरच्या भाराला ते ४४ मिनिटे पुरतात. त्यात चार-सहा वेळा रेडिओवर बोलणे, शेवटी लँडिंग लाइट लावणे आणि फ्लॅप सोडणे धरले, तर प्रत्यक्षात अर्धा तास समजावा. ३३ ॲम्पिअर-तासांची बॅटरी ८५ टक्के क्षमतेवर असेल, तर तिच्यात २८ असतात. त्यातून ५ गेले, २३ उरले, म्हणजे जवळपास दोन तास मिळतात. इंजिन सुरू करण्याच्या कामात या दोन बॅटऱ्यांमधील फरक तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. साध्या बल्बांऐवजी मान्यताप्राप्त एलईडी दिवे लावले, तर १२ चा आकडा ८ च्या आसपास येतो आणि कोणत्याही बॅटरीची मिनिटे त्याच प्रमाणात वाढतात, म्हणून तो खर्चही मी बॅटरीच्याच खात्यात धरतो.

लेबलवरचे आकडे वाचताना जपावे लागते. ॲम्पिअर-तास किती तासांच्या दराने मोजले आहेत, हे पाहिल्याशिवाय दोन बॅटऱ्यांची तुलना करू नये. विमानाच्या बॅटरीची क्षमता साधारणपणे एका तासाच्या दराने देतात, तर मोटारीच्या आणि इतर बॅटऱ्यांची बरेचदा वीस तासांच्या दराने. सावकाश रिकामी केली की तीच बॅटरी अधिक देते, त्यामुळे वीस तासांचा आकडा नेहमी फुगलेला दिसतो. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत २५ आणि पर्यायी ३३ ॲम्पिअर-तास अशा क्षमता दिलेल्या सापडतील. त्या नव्या लेबलशी ताडण्याआधी त्यांचा दर कोणता, हे उत्पादकाच्या तक्त्यावरून पडताळा. सुरुवातीच्या जोराचे विमान-बॅटरीवरचे दोन आकडे म्हणजे आयपीपी आणि आयपीआर. बॅटरी तिच्या नाममात्र व्होल्टेजच्या निम्म्यावर, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी ६ व्होल्टवर, धरली असता ०.३ सेकंदाला मिळणारा प्रवाह पहिला आकडा सांगतो आणि १५ सेकंदांनंतरचा प्रवाह दुसरा. मोटारीच्या बॅटरीवरचा थंडीतल्या क्रँकिंगचा आकडा उणे १८ अंशांना, ३० सेकंद आणि ७.२ व्होल्टच्या मर्यादेवर मोजतात. म्हणून ते आकडे शेजारी ठेवून 'मोटारीची जास्त ताकदवान आहे' असा निष्कर्ष काढता येत नाही.

पाणी भरावी लागणारी बॅटरी वाईट असते, असे मी म्हणणार नाही. ती स्वस्त असते, प्रत्येक घटाची तब्येत हायड्रोमीटरने पाहता येते, आणि कोरडी-चार्ज स्थितीत मिळते तेव्हा आम्ल भरेपर्यंत तिचे वय फारसे सुरू होत नाही. पण तिला हात लागावा लागतो. फिनिक्ससारख्या ठिकाणी उन्हाळ्यात दर २५ तासांच्या उड्डाणाला किंवा महिन्याला, जे आधी येईल तेव्हा, पाण्याची पातळी पाहायला हवी आणि केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालायला हवे. तिघांच्या मालकीच्या विमानात हे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नसले की पाणी कोणीच घालत नाही, प्लेट उघड्या पडतात आणि क्षमता कायमची जाते. शिवाय चार्जिंगच्या वेळी आम्लाची वाफ निघते. ती नळीने बाहेर नेलेली असली, तरी वर्षानुवर्षांच्या वाफेने पेटीचे तळ, रिव्हेट आणि फायरवॉलचा भाग खाल्ला गेलेला मी पुष्कळ पाहिला आहे.

सील्ड बॅटरीत आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेले असते आणि चार्जिंगमध्ये तयार होणारे वायू बहुतांशी आतच पुन्हा पाण्यात बदलतात. पाणी घालायचे नाही, आम्ल सांडायचे नाही, आणि उभी ठेवली असता ती आपोआप उतरते तो वेगही कमी. कॅलिफोर्नियातील कॉन्कॉर्ड आणि गिल या दोन्ही नावांच्या सील्ड बॅटऱ्या लहान विमानांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. वर मी ३३ चा आकडा घेतला तो कॉन्कॉर्डच्या आरजी-३५एएक्ससी या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आहे. तुमच्या नेमक्या मॉडेलला आणि अनुक्रमांकाला कोणती बॅटरी मान्य आहे, हे मात्र उत्पादकाच्या लागू-यादीतूनच ठरवा. सील्ड बॅटरीची उणीव अशी की ती आतून बिघडत असताना बाहेरून काही सांगत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत ती इंजिन दणक्यात फिरवू शकते आणि तिची क्षमता मात्र निम्मी झालेली असते. यावर उपाय एकच आहे, वार्षिक क्षमता चाचणी, आणि तिच्याकडे मी पुढे येतोच.

लिथियमबद्दल उत्साह समजण्यासारखा आहे. लोह-फॉस्फेट रसायनाची १२ व्होल्ट वर्गातील बॅटरी अडीच किलोच्या आसपास असते, तर ३३ ॲम्पिअर-तासांची सील्ड लेड-ॲसिड साडेचौदा किलोच्या जवळ जाते. ही आणि २०१३ च्या जानेवारीत बोइंग ७८७ मध्ये पेटलेली बॅटरी एक नव्हे. त्या विमानांत कोबाल्ट ऑक्साइडचे रसायन होते. बोस्टनच्या विमानतळावर एका विमानात आग लागली, जपानमध्ये दुसऱ्याला ताकामात्सुला तातडीने उतरावे लागले आणि त्यानंतर जगभरातील ७८७ जमिनीवर उभी करण्यात आली. लोह-फॉस्फेट उष्णतेला त्यापेक्षा बरेच स्थिर असते आणि विमानासाठी मान्यता मिळालेल्या बॅटऱ्यांत संरक्षक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. तरीही तुमच्यासाठी मी ती सुचवत नाही, आणि त्याची कारणे आगीच्या भीतीपेक्षा व्यावहारिक आहेत.

पहिले कारण मिनिटांचेच आहे. या हलक्या बॅटरीची क्षमता १५-१६ ॲम्पिअर-तासांच्या घरात असते. ती इंजिन उत्तम फिरवते, पण वरच्या हिशेबात पहिल्या दहा मिनिटांनंतर तिच्यात १० ॲम्पिअर-तासच उरतात. दुसरे, व्होल्टेज जास्त झाले किंवा बॅटरी पूर्ण उतरली की संरक्षक यंत्रणा तिला बसपासून तोडते. जुन्या रेग्युलेटरचा (अल्टरनेटरचे व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागाचा) आणि अतिव्होल्टेज संरक्षणाचा नीट विचार न करता ती बसवली, तर एका दोषातून दुसरा निर्माण होतो. तिसरे कारण तोलाचे आहे. सेसना १७२ मध्ये अंतरे फायरवॉलपासून मोजतात आणि बॅटरी तिथेच असल्याने तिचे अंतर जवळपास शून्य आहे. रिकाम्या विमानाचे वजन ६२० किलो आणि गुरुत्वमध्य फायरवॉलपासून एक मीटर मागे धरला, तर नाकाशी १० किलो कमी केल्याने तो सुमारे दीड सेंटिमीटर मागे जातो. मागच्या सीटवर माणसे आणि मागे सामान असताना हे दीड सेंटिमीटर मोजावेच लागतात. उलट सेसना १८२ सारख्या विमानात बॅटरी शेपटीकडे असते आणि नाक जड असते, तिथे हाच बदल गुरुत्वमध्य पुढे ढकलतो. वजनात कपात म्हणजे नेहमी फायदाच, असे म्हणता येत नाही.

मोटारीच्या बॅटरीबद्दल स्पष्ट सांगतो. घरी बांधलेल्या, प्रायोगिक वर्गातील विमानांत विमानाची मान्यता नसलेल्या चांगल्या सील्ड बॅटऱ्या लोक कायदेशीरपणे वापरतात आणि त्या चांगल्या चालतात. तुमचे विमान प्रकार-प्रमाणपत्रावर, म्हणजे त्या मॉडेलच्या मंजूर आराखड्यानुसार, उडते. त्यात मान्य यादीतील, उत्पादन-मान्यता असलेला किंवा पूरक प्रकार-प्रमाणपत्राखाली (त्या आराखड्यातील बदलाच्या मंजुरीखाली) मंजूर झालेलाच भाग बसवता येतो. मोटारीची बॅटरी बसवली की विमान उड्डाणयोग्य राहत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याचाच विचारील. कायद्यापलीकडेही विमान-बॅटरी कंपन, उंचीवरचा कमी दाब आणि तापमानाचे टोकाचे बदल यांसाठी तपासलेली असते, आणि महत्त्वाचे म्हणजे तिच्यासोबत क्षमता मोजण्याची अधिकृत पद्धत येते. मोटारीच्या बॅटरीला रात्री आठ हजार फुटांवर किती मिनिटे शिल्लक आहेत, हे कोणी लेखी दिलेले नसते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. अमेरिकेत किमान खासगी वैमानिकाचा परवाना असलेल्या मालकाला स्वतःच्या विमानाची बॅटरी बदलता येते. तिथल्या विमान नियमावलीच्या भाग ४३ च्या परिशिष्टात प्रतिबंधात्मक देखभालीच्या यादीत ते काम आहे. पण ही मुभा मान्य असलेली बॅटरी तशाच मान्य बॅटरीने बदलण्यापुरती समजा. पूरक प्रमाणपत्राखाली वेगळ्या प्रकारची बॅटरी बसवायची असेल, तर तपासणीचा अधिकार असलेल्या मेकॅनिकला आधी विचारा, कारण तेव्हा फॉर्म ३३७ (मोठ्या बदलाच्या नोंदीचा अर्ज) लागू शकतो. दोन्ही बाबतींत लॉगबुकात नोंद करा, वजनात फरक पडला असेल तर वजन-तोलाचा कागद सुधारा आणि तोच विमानात ठेवा.

खरेदीच्या वेळी लेबलवरची निर्मितीची तारीख विचारा. दुकानाच्या फळीवर वर्षभर चार्जिंगविना पडलेली सील्ड बॅटरी नवी म्हणून घेऊ नका. हातात आल्यावर व्होल्टेज मोजा, १२.५ च्या खाली असेल, तर बसवण्याआधी उत्पादकाच्या पद्धतीने चार्ज करा. पुन्हा पाण्याची बॅटरी घेतलीत, तर आम्ल भरून लगेच बसवण्याचा मोह टाळा. आम्ल प्लेटमध्ये मुरायला वेळ द्यावा लागतो आणि पहिले चार्जिंग पूर्ण व्हावे लागते. ते अर्धवट राहिले तर पूर्ण क्षमता पुढे कधीच मिळत नाही. जुनी पेटी खाण्याच्या सोड्याने धुऊन, कोरडी करून, गंजाची तपासणी करून आम्लरोधक रंग द्या. काढताना ऋण टोक आधी सोडा, बसवताना ते शेवटी जोडा, आणि धन-ऋण टोकांच्या जागा जुन्या बॅटरीसारख्याच आहेत का, हे मागणी नोंदवण्याआधी पाहा. ओढून-ताणून फिरवलेली केबल कंपनाने पेटीला घासते आणि मग तिथे ठिणगी पडते.

क्षमता चाचणी म्हणजे पूर्ण चार्ज केलेली बॅटरी तिच्या एका तासाच्या दराने, समजा ३३ ॲम्पिअरने, रिकामी करत १० व्होल्टवर यायला किती मिनिटे लागतात, ते मोजणे. कॉन्कॉर्डच्या पुस्तिकेनुसार ८५ टक्के, म्हणजे ५१ मिनिटे टिकली तर बॅटरी उड्डाणयोग्य. गिलची मर्यादा ८० टक्के, म्हणजे ४८ मिनिटे. वार्षिक तपासणीत 'बॅटरी पाहिली, ठीक आहे' एवढीच ओळ लिहून घेऊ नका. मिनिटांचा आकडा लिहून घ्या आणि दरवर्षीचे आकडे एका पानावर ठेवा. ५९, ५८, ५६ असा क्रम असेल तर निश्चिंत राहा. ५८ वरून एकदम ५२ झाले, तर त्या वर्षी नव्या बॅटरीची तजवीज करा.

उष्णता हा तुमचा आणि विदर्भाचा सामाईक प्रश्न आहे. फिनिक्स काय आणि नागपूर काय, मे-जूनमध्ये सावलीतील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद काउलिंगखालील (इंजिनावरच्या झाकणाखालील) तापमान त्याहून पुष्कळ वर असते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे. चार्जिंगचे व्होल्टेजही उन्हाळ्यात कमी हवे, दर अंशाला प्रत्येक घटामागे ३ ते ५ मिलिव्होल्ट. म्हणून हँगरमध्ये कायम जोडून ठेवायचा चार्जर घ्याल, तो बॅटरीचे तापमान मोजून व्होल्टेज बदलणारा घ्या. विमान महिनाभर उभे राहणार असेल, तर असा चार्जर बॅटरीच्या आयुष्यात जेवढी भर घालतो, तेवढी दुसरे काहीच घालत नाही.

बॅटरी उतरली असताना बाहेरून वीज देऊन इंजिन सुरू करून लगेच उडण्याची सवय असेल, तर ती सोडा. अल्टरनेटरला ती भरायला एक तासाहून अधिक लागतो, आणि त्या तासात तो बंद पडला तर मिनिटांचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीत श्पायर येथे एका डायमंड डीए-४२ विमानाने उतरलेल्या बॅटरीनिशी, बाहेरच्या विजेवर इंजिने सुरू करून उड्डाण केले. चाके वर घेताना व्होल्टेज कोसळले, दोन्ही डिझेल इंजिनांचे संगणक-नियंत्रण थांबले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. तुमच्या मॅग्नेटोच्या इंजिनाचे असे होणार नाही, पण संगणक-नियंत्रित इंजिनांच्या प्रशिक्षण विमानांवर काम करणाऱ्या भाच्याला ही घटना अवश्य सांगा.

त्याच्यासाठी बाकीचे असे. भारतात मालकाने किंवा वैमानिकाने स्वतः बॅटरी बदलण्याची अमेरिकेतली मुभा गृहीत धरू नये. काम परवानाधारक अभियंत्याने, मान्यताप्राप्त देखभाल संस्थेच्या चौकटीत करून प्रमाणित करायचे असते, आणि बॅटरीसोबत अमेरिकेचा ८१३०-३ किंवा युरोपचा फॉर्म १ यांसारखा मुक्तता-दाखला (भाग वापरण्यायोग्य असल्याचा कागद) यावा लागतो. तिकडच्या १७२ आर आणि एस विमानांची यंत्रणा २८ व्होल्टची असल्याने बॅटरी २४ व्होल्टची लागते आणि क्षमता चाचणी २० व्होल्टपर्यंत करतात. प्रशिक्षणात उड्डाणे छोटी आणि स्टार्ट अनेक, त्यामुळे बॅटरी दिवसभर अर्धवट भरलेली राहते. शक्य तिथे पहिला स्टार्ट जमिनीवरच्या वीजसंचाने द्यावा, पण बॅटरी चांगली असतानाच, आणि आठवड्यातून एकदा ती शॉपमध्ये पूर्ण चार्ज करावी. आयातीत सील्ड बॅटरीचा आणखी एक फायदा होतो. न सांडणारी म्हणून तिची वाहतूक धोकादायक मालाच्या यूएन २८०० या वर्गात होते, तर आम्ल भरलेली साधी बॅटरी यूएन २७९४ मध्ये जाते आणि तिला बांधणीच्या कडक अटी आहेत. सुटी लिथियम-आयन बॅटरी १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाही आणि मालवाहू विमानातूनही ती ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसावी लागते. या सगळ्यात आठवडे जातात, म्हणून फेब्रुवारीच्या क्षमता चाचणीत मर्यादेजवळ आलेल्या बॅटरीची मागणी त्याच महिन्यात नोंदवावी. ती बॅटरी एप्रिल-मे काढील, या भरवशावर थांबू नये.